चिखल सोडणारें चाक

सायकलच्या टायरावर शाळेच्या वार्षिक अंकांत लेख लिहावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. ग्रंथवाचन, वेळेचें महत्त्व, सृष्टिसौंदर्य इत्यादि विषय या मराठी विभागांत शोभून दिसतात. टायर मात्र दुकानाच्या दारांत खुंटीला टांगलेला असतो, आणि तो फुटल्यावांचून कोणास त्याची आठवण होत नाहीं. परंतु ज्या वस्तूवर आपल्या मुलांचा जीव रोज सकाळ-संध्याकाळ विसंबून असतो, तिला क्षुद्र कसें म्हणावें? सायकलस्वाराचा आणि भूमीचा संबंध येतो तो दोन्ही चाकांखालीं मिळून तळहाताहूनही लहान अशा जागेंत. वेग, वळण, ब्रेक आणि तोल हीं सारीं त्या तेवढ्याशा जागेवर उभीं असतात. पावसाळ्यांत उतारावरून खालीं येतांना ती जागा चिखलाची असली, म्हणजे टायराचा प्रश्न केवळ दुकानदाराचा राहत नाहीं. तो आईबापांचाही होतो.

गेल्या जून महिन्यांत तो असाच माझ्यापुढें आला. आमच्या शाळेंत दहाबारा मुलामुलींचें एक सायकलपथक आहे. शनिवारीं तीं घाटमाथ्यावरून रानवाटेनें खालीं उतरतात. बरोबर एक शिक्षक असावा असा नियम असल्यामुळें बहुधा मी जातों. पथकांतील नववीच्या एका विद्यार्थ्याची आई एके दिवशीं शाळा सुटल्यावर मला भेटावयास आली. बाई परिचारिकेचें काम करतात. रात्रपाळीला जाण्यापूर्वीं वाट वांकडी करून त्या आल्या होत्या. त्यांनीं पिशवींतून एक कागद काढला. त्यावर मुलानें आपल्याला हव्या असलेल्या टायरांची नांवें आणि किंमती सुवाच्य अक्षरांत लिहून दिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, यांतलें मला कांहीं समजत नाहीं. दवाखान्यांत घसरून पडलेलीं मुलें मात्र मी नेहमीं पाहतें. याला पावसांत जाऊं द्यावें कीं नाहीं, हें आधीं सांगा. आणि जाऊं द्यायचें असेल, तर यांतला कोणता घेऊं तें सांगा. दोन घेण्याइतके पैसे या महिन्यांत नाहींत, एकाचे आहेत."

असल्या प्रश्नाला तिथल्या तिथें उत्तर देणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. मीं चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत जें वाचलें, पाहिलें आणि मनाशीं जुळविलें, तें येथें मांडीत आहें. कारण असा प्रश्न ज्यांच्या घरीं निघाला असेल, अशीं आईबापें आपल्या शाळेंत आणखीही असतील.

टायराची गोष्ट फार जुनी नाहीं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची धाव चढवीत, आणि युरोपांतही आरंभीं चाकांवर लोखंड किंवा भरीव रबर असे. कच्चें रबर उन्हांत चिकट आणि थंडींत ठिसूळ होई. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं गंधक आणि उष्णता यांच्या योगानें तें टिकाऊ करण्याची रीत शोधून काढली, तेव्हां कोठें तें चाकाच्या कामाचें झालें. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें हवेनें भरलेल्या चाकाचें पेटंट १८४५ सालींच घेतलें होतें. पण आजच्यासारखी सायकल त्या काळीं नव्हती, आणि ती कल्पना मागें पडली. पुढें बेलफास्ट येथें राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें, आपल्या लहान मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर सुखानें चालावी म्हणून, तिला हवेचे टायर बसविले आणि १८८८ सालीं पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूम हा स्वार तसले टायर घालून बेलफास्टच्या शर्यतींत उतरला, आणि भरीव रबरावर धावणाऱ्यांना मागें टाकून जिंकला. आज आपण ज्या टायरावर बसतों, त्याच्या मुळाशीं एका बापाची आपल्या मुलाविषयींची काळजी आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

डोंगरउताराच्या शर्यतींचा इतिहास तर याहूनही अलीकडचा आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत फेअरफॅक्स गांवाजवळ, टॅमलपायस डोंगराच्या परिसरांत, कांहीं तरुण जुन्या जड सायकली घेऊन कच्च्या वाटेनें खालीं सुटत. श्विन कंपनीनें १९३३ सालीं दोन इंचांहून थोडे अधिक रुंद असे फुगीर टायर सायकलींसाठीं काढले होते. तसल्या टायरांच्या जुन्या सायकली या तरुणांना हव्या असत. तेथें पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं झाली. वाट दोन मैलांहून कमी, पण उतरण सुमारें १,३०० फुटांची. मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं त्यांतील वंगण जळून जाई, आणि खेप झाल्यावर तें नव्यानें भरावें लागे. त्या पुन्हा भरण्यावरूनच त्या वाटेला 'रिपॅक' असें नांव पडलें. पुढें हा खेळ वाढत गेला, आणि १९९० सालीं अमेरिकेंतच ड्युरँगो येथें त्याची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली.

परंतु कोरडा उतार निराळा आणि भिजलेला निराळा. भिजलेल्या उताराचें रूप ज्यांना पाहावयाचें असेल, त्यांनीं स्वित्झर्लंडमधील शांपेरी येथील २०११ सालच्या जागतिक स्पर्धेची चित्रफीत पाहावी. आमच्या पथकांतील मुलांना ती जवळजवळ पाठ आहे. उतार अत्यंत उभा, पाऊस पडून गेलेला, आणि झाडांच्या मुळांमधून चिखलाचे ओघळ वाहत असलेले. जेथें पायीं उभें राहणेंही कठिण, तेथून डॅनी हार्ट हा विसावें वर्षही पुरें न झालेला इंग्रज तरुण खालीं आला, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारापेक्षां ११ सेकंदांहून अधिक अंतरानें जिंकला. ज्या खेळांत सेकंदाच्या लहानशा अंशानें जय आणि पराजय ठरतात, त्यांत हें अंतर केवढें, तें मुलांना सांगावें लागत नाहीं.

मीं ती चित्रफीत मुलांबरोबर बसून पाहिली. मुलें स्वाराच्या धाडसाकडे पाहत होतीं. मी त्याच्या चाकांकडे पाहत होतों. चाक सरकतें, पुन्हा धरतें. पुन्हा सरकतें, पुन्हा धरतें. माझ्या मनांत आलें कीं, चिखलांतील चाकाची सारी परीक्षा या 'पुन्हा' या शब्दांत आहे. एकदां धरणें कोणत्याही टायराला साधेल. धरलेला चिखल सोडून देऊन, रिकाम्या हातानें पुढची जमीन पुन्हा धरणें, हें थोड्यांनाच साधतें.

हीच या विषयांतील मुख्य गोष्ट असल्यामुळें ती जरा उलगडून सांगतों. टायराच्या पाठीवर रबराचे जे उंचवटे असतात, त्यांना आमचा सायकलवाला मिस्त्री 'बटणें' म्हणतो. कोरड्या वाटेसाठीं केलेल्या टायरावर हीं बटणें ठेंगणीं आणि एकमेकांशीं लागून असतात, म्हणजे तें चाक हलकें चालतें. तोच टायर चिखलांत घातला, तर एकदोन फेऱ्यांतच बटणांमधील फटी मातीनें भरून जातात. मग बाहेर दिसतो तो टायर नव्हे, तर चिखलाचा एक गुळगुळीत गोळा. आणि चिखलावर चिखल घसरणारच. म्हणून खास चिखलाच्या टायरावर बटणें उंच, निमुळतीं आणि एकमेकांपासून दूर दूर बसविलेलीं असतात. उंच असल्यामुळें तीं वरचा मऊ थर भेदून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोंचतात. दूर असल्यामुळें त्यांच्यामध्यें माती अडकून राहत नाहीं, चाक फिरतांच ती झटकली जाते. पुष्कळ चिखलाचे टायर थोडे अरुंद करतात, तेंही याच कारणास्तव. रुंद टायर चिखलावर तरंगूं पाहतो, अरुंद टायर त्यांत शिरून तळ गांठतो.

यांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती टायर विकत घेऊन मिळत नाहीं. चाक माती झटकतें तें फिरतें म्हणून. घाबरून ब्रेक करकचून आवळला आणि चाक जागच्या जागीं अडलें, कीं त्याचें झटकणें बंद पडतें. तळाशीं आलेलीं तेवढीं चार बटणें मातीनें भरतात, आणि उत्तम टायरही निरुपयोगी होतो. म्हणून ब्रेक लावावा तो वळणाच्या आधीं, सरळ वाटेवर, हलक्या बोटानें, आणि चाक फिरत राहील इतकाच. मुलांना मी सांगतों, चिखलांत ब्रेक म्हणजे दार लावणें नव्हे. दार लोटून ठेवणें होय.

आतां जमिनीविषयीं. आपल्या प्रार्थनेच्या वेळीं पेरणाऱ्याचा दाखला अनेकदां वाचला जातो. त्यांत बीं एकच असतें, आणि तें चार प्रकारच्या जमिनींवर पडतें. सायकलस्वाराची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला जमीन निवडतां येत नाहीं. ती घाटानें आणि पावसानें आधींच ठरविलेली असते. त्याच्या हातीं निवड आहे ती टायराची. आपल्या या भागांत त्याला एकाच उतारावर चार जमिनी भेटतात, त्या मीं मुलांबरोबर पायीं हिंडून पाहिल्या आहेत.

पांचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा दगड आहे, आणि त्याची तांबडी माती. ही भिजली म्हणजे मऊ होते, पण अति चिकट होत नाहीं. येथें दूर बटणांचा टायर चांगलें काम देतो. दुसरी जमीन झाडीची: भिजलेलीं मुळें, आणि शेवाळ धरलेले काळे दगड. येथें उंच निमुळतीं बटणें उलट दगा देतात. कठिण पृष्ठभागांत तीं रुतूं शकत नाहींत. आपल्याच टोंकांवर उभीं राहून वांकतात, आणि चाक लटपटतें. मोठ्या शर्यतींत मिस्त्री अशा वाटेसाठीं चिखलाच्या टायराचीं बटणें कात्रीनें छाटून अर्धीमुर्धी ठेंगणीं करतात, तें यासाठींच. मुळें आडवीं आलीं तर तीं काटकोनांत ओलांडावीं, आणि त्यांच्यावर असतांना ब्रेकला हात लावूं नये. तिसरी जमीन मुरमाची व डांबरी रस्त्याची. तिच्यावर पाणी असलें तरी ती खालून टणक असते. येथें मध्यम उंचीचीं बटणें बरीं. आणि चौथी जमीन, वाईकडे खालीं उतरल्यावर लागणारी कृष्णाकांठची काळी माती.

या काळ्या मातीविषयीं शेतकऱ्यांच्या मुलांना मीं काय सांगावें? ती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला, नांगराला, चाकाला सारखीच बिलगते. तिच्यांतून भर पावसांत दहा पावलें सायकल नेली, तर चाक आणि वरचा फाटा यांच्यामध्यें माती गच्च बसते, आणि चाक फिरणेंच थांबतें. दूर बटणांचा अरुंद टायर असला तर तें दहाऐवजीं वीस पावलांवर थांबेल, इतकाच भेद. जगांतील कोणताही टायर या मातीचा पुरता उपाय नाहीं. उपाय एकच: ती वाळेपर्यंत दुसरी वाट धरावी, नाहींतर सायकल खांद्यावर घ्यावी. शिवाय ओल्या पायवाटेवर चाकोऱ्या पाडल्या, तर त्यांतून पाणी वाहूं लागतें आणि वाट खचते. ज्याच्या बांधावरून आपण जातों, त्या शेतकऱ्याचें नुकसान करण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

नक्षीइतकेंच महत्त्व रबराच्या मऊपणाला आहे. रबराचें काठिण्य शोअर नांवाच्या मापानें मोजतात. उतारशर्यतीच्या मऊ टायराचें काठिण्य त्या मापाच्या 'अ' श्रेणींत ४२ च्या आसपास असतें, साध्या टायराचें ६० किंवा अधिक. आंकडा जितका लहान, तितकें रबर मऊ. ओल्या दगडावर मऊ रबर बोटाच्या पेरासारखें बसतें आणि धरतें. कठिण रबर त्यावरून नखासारखें सरकतें. परंतु मऊ रबर जड चालतें आणि लवकर झिजतें. जो विद्यार्थी शनिवारीं एकदां रानांत जातो आणि बाकीचे पांच दिवस डांबरी रस्त्यानें शाळेंत येतो, त्यानें अगदीं मऊ टायर घेतला, तर त्याची बहुतेक झीज डांबरावरच होईल.

तिसरी गोष्ट हवेची, आणि ती बहुतेक फुकट असल्यामुळें तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. आपल्याकडे टायरांतील हवेचा दाब अजून पौंडांतच सांगतात, म्हणजे दर चौरस इंचास इतके पौंड. समजा, पुढच्या चाकावर ६० पौंड, म्हणजे सुमारें २७ किलो, भार आहे. टायरांत ३० पौंड हवा असली तर भार पेलण्यास साधारणपणें २ चौरस इंच जागा जमिनीला टेंकेल. २० पौंड असली तर ३ चौरस इंच. टायराचें कवच थोडा भार स्वतः पेलतें, म्हणून हा हिशेब ठोकळ आहे; पण त्याची दिशा खरी आहे. फुगवून दगडासारखा केलेला टायर दगडावर आदळून उसळतो. थोडा नरमलेला टायर दगडाला मिठी मारतो. म्हणून रुंद टायराचे डोंगरी स्वार ओल्या उतारावर बहुधा २० ते २८ पौंडांच्या दरम्यान हवा ठेवतात. हलक्या अंगाच्या मुलाला त्यांतील खालचा आंकडा पुरतो, भारी माणसाला वरचा लागतो. मात्र यालाही मर्यादा आहे. फार हवा सोडली तर धक्क्यासरशी ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्यें चिमटली जाते आणि तिला जोडीनें दोन भोंकें पडतात. वळणावर टायर रिमवरून निसटूंही शकतो. ट्यूब काढून टाकून आंत पातळ चिकाचें द्रावण घालण्याची नवी रीत आहे. तीत चिमटण्याची भीति जाते आणि लहान भोंक आपोआप बुजतें. पण त्यासाठीं रिम आणि टायर तसेच केलेले असावे लागतात. टायराच्या बाजूवर छापलेले दाबाचे आंकडे वाचल्यावांचून कोणताही प्रयोग करूं नये.

शर्यतीच्या टायराचें कवच दुपदरी असतें, आणि तसला एकेक टायर एक किलोहून जड भरतो. तीक्ष्ण दगडांवरून भरधाव येणाऱ्या प्रौढ स्वाराला तो लागतो. शाळकरी मुलाला तो चढावर ओढीत नेणें म्हणजे शिक्षाच. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावर अशाच टायरांची जोडी पहिल्या क्रमांकाला होती, कारण त्याच्या आवडत्या स्वाराच्या सायकलीला ती त्यानें पाहिली होती.

चार दिवसांनीं मायलेकरें दोघेंही आलीं. मीं कागद पुढें ठेवून विचारलें, "एकच टायर घ्यावयाचा, तर तूं तो कोणत्या चाकाला घालशील?" तो लगेच म्हणाला, "मागच्या, सर. मागचाच जास्त झिजलाय, आणि घसरतोही मागचाच." हें उत्तर बहुतेक सगळे देतात. मीं त्याला अंगणांत नेलें आणि सायकल हातानें चालवून दाखविली. मागचें चाक बाजूला सरकलें, तर सायकल वांकडी होते, पण हँडल स्वाराच्या हातांत राहतें. पाय टेंकून, अंग सांवरून तो वांचूं शकतो. पुढचें चाक सरकलें, तर हँडल आणि तोल हीं एकदमच जातात, आणि सांवरण्यास वेळ मिळत नाहीं. खांदा किंवा तोंड जमिनीला लागतें. शिवाय उतारावर ब्रेक लावतांच भार पुढें येतो, म्हणजे थांबविण्याचें अधिक कामही पुढचेंच चाक करतें. म्हणून नवा टायर पुढें. पुढचा जुना टायर कमी झिजलेला होता; तो काढून मागें घालावयाचा, आणि मागचा गुळगुळीत झालेला टायर काढून टाकावयाचा. एका टायराच्या पैशांत दोन्ही चाकें सुधारतात.

मग कोणता टायर, हें ठरविणें सोपें झालें. अगदीं खिळ्यांसारख्या बटणांचा नव्हे, कारण त्याच्या वाटेवर मुळें, दगड आणि डांबर आहे. दाट नक्षीचाही नव्हे. बटणें मध्यम उंच आणि बरीच दूर. कडेचीं बटणें भक्कम, म्हणजे वळणावर सायकल कलली असतां तीं धरतील. रबर मध्यम मऊ. कवच एकपदरी पण बाजूला मजबूत. रुंदी सव्वादोन इंचांच्या आसपास, आणि ती देखील फाट्याच्या दोन्ही बाजूंस बोटभर जागा उरते कीं नाहीं, हें पाहून. असा टायर त्याच्याच कागदावर शेवटून दुसरा होता, आणि त्याची किंमत पहिल्याहून पुष्कळ कमी होती. मुलाचें तोंड थोडें उतरलें, हें मीं पाहिलें. त्याच्या आईनें किंमतीचा आंकडा पाहिला, मनाशीं कांहीं हिशेब केला, आणि म्हणाल्या, "मग उरलेल्यांत नवें हेल्मेट येईल. जुन्याला तडा गेलाय." या वाक्याला जोड देण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मीं शेवटीं दिलें. पावसांत जाऊं द्यावें, पण अटींवर: हेल्मेट डोक्यावर बांधलेलें असावें; एकट्यानें जाऊं नये; निघण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक आणि हवा पाहावी; टायरावरील बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेला आहे, हें बसवितांनाच तपासावें; आणि जी वाट पायीं पाहिली नाहीं, ती चाकावर बसून उतरूं नये. या अटी त्यानें माझ्यासमोर वहींत लिहून घेतल्या.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत दोन दिवसांच्या झडीनंतर पथक निघालें. माथ्यावरच्या तांबड्या वाटेवर त्याचें चाक उत्तम चाललें. झाडींत एकदां मागचें चाक हातभर सरकलें. पुढचें धरून राहिलें, आणि त्यानें पाय टेंकून सायकल सांवरली. पुढें, जेथें रान संपून शेतें सुरू होतात, तेथील शेवटचा उतार मुलांना फार प्रिय आहे. तेथें पोंचल्यावर तो थांबला. खालीं उतरून त्यानें बोटानें पुढच्या टायरांतील माती काढून पाहिली. ती काळी होती, आणि बटणांमधून सुटत नव्हती. मागून येणाऱ्या मित्रांनीं "चल रे!" म्हणून हांका मारल्या. त्यानें मान हलविली, सायकल खांद्यावर घेतली, आणि बांधाच्या कडेनें गवतावरून चालूं लागला. घटकाभरानें बाकीचेही एकेक करून त्याच्या मागून चालत आले. मीं त्याला कांहीं सांगितलें नव्हतें. मी बराच मागें होतों.

घरीं जाण्यापूर्वीं त्या मुलांनीं नळावर टायर धुतले, आणि मी बाजूला उभा राहून पाहत होतों. टायर निवडणें म्हणजे आपल्या वाटेची माती ओळखणें. ज्याला ती ओळखतां आली, त्याला कोणत्या मातीपुढें आपला टायर चालणार नाहीं, हेंही कळतें. ही दुसरी ओळख दुकानांत मिळत नाहीं, आणि म्हणूनच मी तिला अधिक मोल देतों.

पालकांना माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलांचें टायरांचें बोलणें पोरकट समजून उडवून देऊं नये. पावसाळा लागण्यापूर्वीं एकदां तरी त्यांच्या सायकलीजवळ वांकून बसावें, टायरावरून बोट फिरवावें, आणि गुळगुळीत लागला तर बदलावा. पैसे एकाचेच असतील, तर पुढचा आधीं. आणि विद्यार्थिमित्रहो, उतारावर तुमची परीक्षा पाहणारी जमीन पक्षपात करीत नाहीं. तिला टायराचें नांव वाचतां येत नाहीं, आणि तुम्हीं कोणाची चित्रफीत पाहिली हेंही ठाऊक नसतें. चाक माती सोडतें कीं नाहीं, एवढेंच ती पाहते. तुम्हींही निघण्यापूर्वीं तेंच पाहावें. येत्या पावसाळ्यांत तुम्ही सर्व घाट सुखरूप उतरून या, आणि आपापल्या घरच्या नळावर चिखल धुतांना आईची बोलणीं खा, अशी मी देवाजवळ प्रार्थना करतों.